वाघोलीचीं सात अक्षरें

पुण्याहून नगर रस्त्यानें निघालें म्हणजे येरवडा आणि खराडी मागें पडल्यावर वाघोली लागते. वाघेश्वराच्या देवळामुळें आणि पिलाजी जाधवराव यांच्या घराण्यामुळें इतिहासाच्या वाचकांस हें गांव परिचित आहे. २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत जीं तेवीस गांवें आलीं, त्यांत वाघोलीहि आली. शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या आणि एकेका मजल्यावर निरनिराळ्या प्रांतांचीं कुटुंबें नांदूं लागलीं. या घरांतील पुष्कळ मुलें इंग्रजी शाळेंत जातात आणि सुटीच्या दिवशीं अक्षरें जुळवून इंग्रजी शब्द बनविण्याचे खेळ खेळतात. खेळतांना त्यांना शब्द हवा असतो. परंतु तो शोधावा कसा, हें त्यांना सहसा कोणी शिकवीत नाहीं. घरांतील आजी-आजोबा तर 'हा इंग्रजीचा खेळ, यांत आमचें काय काम?' असें म्हणून दूर बसतात. वस्तुतः काम पुष्कळ आहे. तें कोणतें, हें समजून घेण्यासाठीं वाघोली हें नांवच उदाहरणादाखल हातीं घेण्यासारखें आहे.

इंग्रजींत हें नांव लिहिलें म्हणजे त्याचीं अक्षरें होतात सात : डब्ल्यू, ए, जी, एच्, ओ, एल्, आय्. 'स्क्रॅबल' नांवाच्या प्रसिद्ध खेळांत प्रत्येक खेळाडूपुढें एका वेळीं बरोबर सातच अक्षरांच्या सोंगट्या असतात. वाघोलीचें नांव जसेंच्या तसें त्या पटावर मांडतां येणार नाहीं, कारण त्या खेळांत विशेषनामें चालत नाहींत. परंतु हीं सात अक्षरें एखाद्या मुलापुढें आलीं, तर त्यांतून कोणते शब्द निघतील?

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. आपण ज्याला शब्दकोश म्हणतों, तो याच्या उलट प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं रचलेला असतो. शब्द ठाऊक आहे, अर्थ ठाऊक नाहीं, अशा माणसासाठीं कोश असतो. त्याची सारी मांडणी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर उभी असते, आणि पहिलें अक्षर ठाऊक नसेल तर कोशाचें दारच सांपडत नाहीं. या मांडणीचा विस्तार किती असतो हें वाघोलीहून शहराकडे येतांना येरवड्यास पाहावयास मिळतें. तेथील डेक्कन कॉलेजांत १९४८ सालीं एका प्रचंड संस्कृत कोशाचें काम सुरू झालें. सुमारे पंधराशें ग्रंथांतून शब्द टिपून सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार करण्यांत आल्या. पहिला भाग १९७६ सालीं छापून निघाला, आणि त्यानंतर कित्येक दशकें हा कोश 'अ' या एका अक्षराच्या शब्दांतूनच वाट काढीत राहिला. इतका मोठा कोश जरी पुरा झाला, तरी 'ज्याच्या पोटांत अमुक अक्षर आहे असे शब्द कोणते' या प्रश्नाला त्याचें पान उत्तर देणार नाहीं.

मराठी माणसाला ही अडचण 'ळ' या अक्षरावरून चटकन् कळेल. मराठींत 'ळ' नें आरंभ होणारा रूढ शब्द नाहीं. तो नेहमीं शब्दाच्या पोटांत किंवा शेवटीं बसतो : फळ, कमळ, डोळा, पोळी, मळणी. 'ण' ची गोष्टहि तशीच. आतां कोणी म्हणाले, 'ळ असलेले पन्नास शब्द सांगा,' तर कोश उघडून उपयोग नाहीं. 'ळ' च्या घराला समोरून दारच नाहीं. परंतु हेंच अक्षर अर्थाच्या दृष्टीनें किती मोलाचें आहे, हें काल आणि काळ, वेल आणि वेळ, मूल आणि मूळ या जोड्यांवरून दिसतें. म्हणजे शब्दाच्या अंतरंगांत शिरण्याची गरज खेळापुरती नाहीं. भाषेच्या जाणकारालाहि ती आहे.

आणि ही गरज आपल्या पूर्वजांनीं ओळखली होती. अमरकोश अर्थाच्या वर्गांप्रमाणें रचलेला आहे, हें बहुतेकांस ठाऊक असतें. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट ही कीं, 'मेदिनीकोश' आणि 'विश्वप्रकाश' यांसारखे संस्कृत कोश शब्दाच्या शेवटच्या व्यंजनावरून लावलेले आहेत. ज्यांच्या शेवटीं 'क' येतो त्यांचा कान्तवर्ग, ज्यांच्या शेवटीं 'ख' येतो त्यांचा खान्तवर्ग, अशी ती मांडणी. आणि प्रत्येक वर्गांत पुन्हां दोन अक्षरांचे शब्द, तीन अक्षरांचे शब्द, अशी अक्षरसंख्येप्रमाणें विभागणी. अमुक लांबीचा आणि अमुक अक्षराचा शब्द हवा, ही मागणी आजच्या खेळाडूची आहे तशीच ती यमक आणि वृत्त सांभाळणाऱ्या कवीचीहि असते. इंग्लंडांत जॉन वॉकर यानें १७७५ सालीं शब्द शेवटून उलट वाचून त्यांच्या क्रमानें लावलेला यमकांचा कोश काढला. आपल्याकडे अंत्याक्षराची ही व्यवस्था त्याच्या कित्येक शतकें आधीं रूढ होती.

परंतु वाघोलीच्या मुलापुढें पहिलें किंवा शेवटचें अक्षर ठरलेलें नाहीं. सात अक्षरें कशींहि फिरवावयाचीं आहेत. येथें मदतीला येतें तें गणित, आणि तेंहि आपल्याच घरचें. भास्कराचार्यांनीं इसवी सन ११५० मध्यें रचलेल्या 'लीलावती'च्या शेवटीं अंकपाश नांवाचें प्रकरण आहे. दहा हातांच्या शंभूच्या हातीं दहा आयुधें अदलाबदल करून किती प्रकारें देतां येतील, असा प्रश्न त्यांत घातलेला आहे. आणि उत्तर येतें ३६,२८,८००. एकापासून दहापर्यंतच्या अंकांचा गुणाकार केला म्हणजे ही संख्या मिळते. वाघोलीचीं सातहि अक्षरें एकमेकांहून भिन्न आहेत. म्हणून एकापासून सातापर्यंत गुणाकार केला कीं, त्या सातांच्या मांडण्या मिळतात ५,०४०. त्यांत दोन, तीन, चार, पांच आणि सहा अक्षरांच्याहि मांडण्या मिळविल्या तर बेरीज होते १३,६९२. इतक्या मांडण्या एकेक करून तपासावयाच्या म्हटल्या, तर सुटीचा दिवस सोडाच, सुटीचा आठवडाहि पुरणार नाहीं.

यावर एक साधी युक्ति आहे. शब्दाचीं अक्षरें वर्णमालेच्या क्रमानें लावून ठेवावयाचीं. 'ऐकणें' या अर्थाचा लिसन हा शब्द घेतला, तर त्याचीं अक्षरें क्रमानें ई, आय्, एल्, एन्, एस्, टी अशीं होतात. 'निःशब्द' या अर्थाच्या सायलेंट या शब्दाचीं अक्षरें लावून पाहिलीं तर तींच येतात. सैन्यांत भरती होणें या अर्थाचा एन्लिस्ट आणि झगमगीत कागद या अर्थाचा टिन्सेल हेहि शब्द त्याच गटांत जाऊन बसतात. म्हणजे एका गटाच्या नांवाखालीं चार शब्द सांपडले. या रीतीनें पाहिलें तर वाघोलीच्या अक्षरांतून दोन किंवा अधिक अक्षरांचे गट होतात अवघे १२०. तेरा हजारांच्या वर असलेलें ओझें सव्वाशेंच्या आंत आलें. अक्षरांवरून क्षणांत शब्द काढून देणाऱ्या संगणकांतील योजनांच्या मुळाशीं पुष्कळदां हीच युक्ति असते. यंत्रांत जादू नाहीं. आधीं लावून ठेवलेल्या याद्या आहेत.

मनुष्याला मात्र १२० गटहि तपासावे लागत नाहींत, कारण त्याला अक्षरांचे शेजार ठाऊक असतात. इंग्रजींत कांहीं अक्षरें एकमेकांची सोबत सोडीत नाहींत. डब्ल्यूच्या मागोमाग एच् येऊन शब्दाचा आरंभ होतो; जीच्या मागोमाग एल् येतो; शेवटीं ओ-डब्ल्यू ही जोडी बसते. प्रथम स्वर निराळे करावे : ए, आय्, ओ. मग व्यंजनें : जी, एच्, एल्, डब्ल्यू. आतां जी-एल्-ओ-डब्ल्यू लिहिलें कीं, तेज या अर्थाचा ग्लो मिळतो. त्याच्या मागें ए ठेवला कीं, 'तेजाळलेला' या अर्थाचा पांच अक्षरांचा शब्द होतो. एच्-ए-एल्-ओ म्हणजे प्रभामंडळ. एच्-ए-आय्-एल् म्हणजे आकाशांतून पडणाऱ्या गारा. डब्ल्यू-ए-आय्-एल् म्हणजे आक्रोश. ओ-डब्ल्यू-एल् म्हणजे घुबड, आणि एल्-ए-डब्ल्यू म्हणजे कायदा. सर्वांत मौज ए, जी, एल् आणि ओ या चारांची आहे. जी-ओ-ए-एल् असें लिहिलें तर शब्द होतो ध्येय, आणि मधलीं दोन अक्षरें उलटीं करून जी-ए-ओ-एल् असें लिहिलें तर होतो तुरुंग. जेल या शब्दाचें तें जुनें इंग्रजी लेखन आहे. अक्षरें तींच, एका मांडणींत माणूस ध्येयाकडे जातो आणि दुसरींत गजांआड.

कोणतें अक्षर वारंवार येतें आणि कोणतें क्वचित्, हें कळणें हाहि या विद्येचा एक भाग आहे. अमेरिकेंतील आल्फ्रेड बट्स हा वास्तुशिल्पी १९३० नंतरच्या मंदींत बेकार झाला होता. त्यानें वृत्तपत्रांच्या पानांवरील अक्षरें मोजून आपल्या खेळांतील सोंगट्यांची संख्या ठरविली. पुढें १९४८ सालीं जेम्स ब्रूनो यानें तो खेळ स्क्रॅबल या नांवानें बाजारांत आणला. त्याच्या इंग्रजी संचांत शंभर सोंगट्या असतात. त्यांत ई बारा, ए आणि आय् प्रत्येकी नऊ, ओ आठ. उलट के, जे, एक्स्, क्यू आणि झेड् प्रत्येकी एक. क्यू आणि झेड् यांना दहा-दहा गुण, जे आणि एक्स् यांना आठ-आठ. दुर्मिळ अक्षर हातीं आलें म्हणजे गुणांची आशा वाढते आणि शब्दाची आशा कमी होते. इंग्रजींत क्यूच्या मागोमाग बहुतेक नेहमीं यू येतो. तो हातीं नसेल तर खेळाडू हताश होतो. तसेंच जे हें अक्षर इंग्रजी शब्दाच्या शेवटीं सहसा येत नाहीं.

आणि नेमकें येथेंच घरांतील वडीलधाऱ्या माणसांचें काम सुरू होतें. इंग्रजी कोशांत ज्यांच्या शेवटीं जे आहे, असे शब्द काढून पाहिले तर त्यांत राज आणि स्वराज हे शब्द भेटतात. यू वांचून क्यू असलेले शब्द पाहिले तर फकीर, काजी, बुरखा यांचीं इंग्रजी लेखनें सांपडतात. डी-एच्, बी-एच्, के-एच्, जी-एच् अशा जोड्यांनीं आरंभ होणारे शब्द पाहूं गेलें तर धोबी, धोतर या अर्थाचा धोती, भांग, खादी, घाट हे ओळीनें पुढें येतात. जोंधळ्याला हिंदींत जवार म्हणतात, तोहि जे या महागड्या अक्षरासह इंग्रजी कोशांत जाऊन बसला आहे. हिंदुस्थानांतील भाषांतून इंग्रजींत गेलेल्या अशा शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नांवाचा मोठा कोश यूल आणि बर्नेल यांनीं केला. तो १८८६ सालीं प्रसिद्ध झाला. मराठीनें इंग्रजीला दिलेला सर्वांत प्रसिद्ध शब्द म्हणजे मुंगूस. इंग्रजींतील मंगूस आपल्या मुंगसापासूनच आला. त्याच्या शेवटीं बदकासारख्या एका पक्ष्याचें इंग्रजी नांव दिसतें, परंतु त्या पक्ष्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. म्हणून त्या पक्ष्याच्या नांवाचें अनेकवचन जसें आंतला स्वर बदलून होतें, तसें मुंगसाचें सामान्यतः होत नाहीं. शब्दाचें मूळ ज्याला ठाऊक आहे, तो येथें अडखळत नाहीं.

वाघोलीच्या सात अक्षरांतहि असा एक शब्द लपलेला आहे. जी, एच्, आय् हीं तीन अक्षरें जुळविलीं कीं, घी होतो. इंग्रजींत तो बहुधा दोन ई घालून लिहितात. परंतु आय् घालून केलेलें लेखनहि या खेळाच्या शब्दसूचींत मान्य आहे. इंग्रजी शाळेंतील मुलगा जी आणि एच् हातीं धरून घोटाळत बसतो, आणि स्वयंपाकघरांत तूप कढवणाऱ्या आजीजवळ उत्तर असतें. मात्र हें उत्तर मिळण्यासाठीं आजीला खेळांत बोलावलें पाहिजे, आणि मुलाला घरच्या भाषेंतील शब्द ऐकावयाची संवय पाहिजे.

हीच संवय आज सर्वांत अधिक धोक्यांत आहे. खिशांतील मोबाईलवर सात अक्षरें टाकलीं कीं, शब्दांची यादी डोळ्यांपुढें उभी राहते. यादी खरी असते, परंतु ती शब्द देते, ज्ञान देत नाहीं. केवळ यादीवर माणूस किती दूर जाऊं शकतो याचें एक विलक्षण उदाहरण आहे. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स यानें २०१५ सालीं फ्रेंच भाषेंतील स्क्रॅबलचें जगज्जेतेपद मिळविलें, आणि त्याला फ्रेंच बोलतां येत नव्हतें. त्यानें फ्रेंच शब्दांची यादी कांहीं आठवड्यांत तोंडपाठ केली होती. पुढें २०२४ सालीं स्पॅनिश भाषेंतहि तो असाच विजयी झाला. त्याच्या स्मरणशक्तीपुढें कोणीहि मान तुकवील. परंतु त्या विजयानंतर पॅरिसमधील दुकानांत भाकरी मागावयाची झाली, तर ती यादी उपयोगी पडली नसती. अर्थावांचून शब्द म्हणजे अंगावर छाप असलेलें, पण बाजारांत न चालणारें नाणें.

अर्थाची साथ सुटली म्हणजे शब्दांचा खेळ कोठवर घसरतो, हें मुंबई राज्यानें एकदां पाहिलें आहे. आडव्या-उभ्या शब्दांचें पहिलें कोडें लिव्हरपूलच्या आर्थर विन यानें रचलें. तें न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रांत २१ डिसेंबर १९१३ रोजीं छापलें गेलें. पुढें आपल्याकडे मोठ्या बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा सुकाळ झाला. एका रिकाम्या घरांत दोन अक्षरें सारखींच बसावीं, दोन्ही शब्दांना अर्थ असावा, आणि त्यांतील कोणता 'बरोबर' हें संयोजकाच्या बंद लिफाफ्यानें ठरवावें, अशी रचना असली म्हणजे शब्दज्ञान निरुपयोगी होतें आणि उरतो तो केवळ जुगार. अशा स्पर्धांस आळा घालण्यासाठीं मुंबई राज्यानें १९४८ सालीं कायदा केला. बंगलोरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकांतील शब्दकोड्यांवरून झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९५७ च्या एप्रिलमध्यें न्यायालयानें ती स्पर्धा जुगाराच्या स्वरूपाची ठरविली, आणि जुगाराला व्यापाराच्या स्वातंत्र्याचें संरक्षण मिळत नाहीं असा निर्णय दिला. १९५५ च्या केंद्रीय कायद्यानें तर महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षीस देण्यासच मनाई केली. शब्दाचा खेळ आणि जुगार यांत सीमा कोणती, याचें तत्त्व यांत दिसतें : जेथें बुद्धि आणि ज्ञान यांवर निकाल ठरतो तेथें खेळ, जेथें केवळ नशिबावर ठरतो तेथें जुगार.

म्हणून ज्या घरांत हे खेळ चालतात, त्या घरानें चार साधे नियम पाळावे. पहिला : यंत्राकडे वळण्यापूर्वीं निदान दहा मिनिटें अक्षरें हातानें फिरवावीं, स्वर-व्यंजनें निराळीं करावीं आणि अक्षरांचे शेजार आठवावे. दुसरा : जो शब्द मांडावयाचा त्याचा अर्थ मांडणाऱ्यानें सांगावा, अर्थ सांगतां येत नसेल तर त्याच वेळीं कोश उघडून तो मोठ्यानें वाचावा, आणि मगच गुण घ्यावे. तिसरा : यादींत सांपडलेला अनोळखी शब्द निदान एका वाक्यांत वापरून पाहावा. चौथा : इंग्रजीचा एक डाव झाला कीं, मराठीचा एक डाव खेळावा. 'ळ' पोटांत असलेले तीन अक्षरी शब्द, 'ण' शेवटीं असलेले शब्द, एक अक्षर बदलतांच अर्थ बदलणाऱ्या जोड्या, असे कितीतरी डाव पैशावांचून आणि पटावांचून रचतां येतात. शेजारीं तमिळ, बंगाली किंवा पंजाबी कुटुंब असेल तर त्यांच्याहि भाषेंतील शब्द विचारावे. इंग्रजी कोशांत त्यांच्याहि घरचे पाहुणे जाऊन राहिले आहेत.

या नियमांनीं खेळ थोडा मंद होईल, हें खरें. गुणहि कदाचित् कमी मिळतील. परंतु महिन्याभरांत शिकलेले वीस शब्द त्या मुलाचे जन्मभर सोबती होतील. आणि यादींतून उचललेले दोनशें शब्द पट आवरला जातांच सोंगट्यांबरोबर पेटींत जातील. शिवाय दूर बसलेले आजी-आजोबा पटाजवळ येतील, ही जमेची बाजू निराळीच. वाघोलीचीं सात अक्षरें सर्वांपुढें सारखींच आहेत. त्यांतून काय निघेल, हें त्या अक्षरांवर जितकें अवलंबून आहे, तितकेंच पटाभोंवतीं कोण बसलें आहे यावरहि अवलंबून आहे.